उन्हाची गळती

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. परीक्षा संपून वर्ग सुटला होता. सगळी मुले पांगली, पण आठवीतला एक मुलगा दाराशी घुटमळत राहिला. त्याचे गाव केज तालुक्यात. वडिलांची चार एकर जमीन, एक विहीर, आणि वर्षभरापूर्वी तिच्यावर बसलेला सौरपंप. तो म्हणाला, "सर, एक विचारू का? जानेवारीत आमच्या सोलर मोटारीला ही अशी मनगटाएवढी धार होती. आता ऊन केवढं कडक पडतंय, पण धार करंगळीएवढी झालीय. ऊन वाढलं की वीज वाढायला पाहिजे ना?"

मित्रांनो, प्रश्न साधा वाटतो. पण बीड जिल्ह्यात आज सौर ऊर्जेविषयी जे काही विचारायला हवे, ते जवळजवळ सारे या एका प्रश्नात आहे. मी त्याला दोन मिनिटांत उत्तर दिले आणि घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की ते अर्धेच होते. उरलेले अर्धे आज लिहीत आहे. त्यात माझी काही मतेही आहेत. ती तुम्हांला पटलीच पाहिजेत असे नाही. पण आकडे मात्र पडताळून पाहा.

पहिली गोष्ट उष्णतेची. सौर पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. आपण दोन्ही एकच समजतो, तिथे घोटाळा होतो. पॅनेलमागच्या चिठ्ठीवर जे वॅट लिहिलेले असतात, ते कारखान्यात ठराविक परिस्थितीत मोजलेले असतात. दर चौरस मीटरवर एक हजार वॅट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. आता सांगा, बीडच्या माळावर भर दुपारी २५ अंशांचे पॅनेल कोणी पाहिले आहे? मे महिन्यात हवाच ४०-४१ अंशांवर असते. काळेभोर पॅनेल तिच्याहून २५ ते ३० अंश अधिक तापते. म्हणजे घटाचे तापमान ६५ ते ७०. हात ठेवला तर चटका बसेल.

सिलिकॉनच्या एका घटाचा दाब साधारण ०.६ व्होल्ट असतो. तापमान एक अंशाने वाढले की तो सुमारे दोन सहस्रांश व्होल्टने घटतो. सिलिकॉन तापले की त्यातले इलेक्ट्रॉन आपोआपच अधिक सुटे होऊ लागतात. प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन तारेत जाण्याऐवजी आतल्या आत पुन्हा आपापल्या जागी बसण्याचे प्रमाण वाढते. एकूण हिशेब असा की दर अंशामागे पॅनेलची शक्ती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने कमी होते. ४० अंशांची वाढ झाली तर १२ ते १६ टक्के गेले. चिठ्ठीवर हजार वॅट, हाती साडेआठशेच्या आसपास. त्यामुळे थंडीतली स्वच्छ, वाऱ्याची दुपार पॅनेलला मानवते आणि वैशाखवणवा मानवत नाही.

पण एवढ्याने मनगटाची करंगळी होत नाही. इथेच माझे पहिले उत्तर अपुरे होते. मी त्याला विचारायला हवे होते, "जानेवारीत तुमच्या विहिरीत पाणी किती हातांवर होते, आणि आज किती हातांवर आहे?" पाणी वर काढण्याचे काम म्हणजे वजन गुणिले उंची. पाणी १५ मीटरवर होते ते ३० मीटरवर गेले, तर तेवढ्याच विजेत निम्मेच पाणी वर येणार. पॅनेलचा दोष तेथे चार आणे, विहिरीचा बारा आणे. (चार आणे म्हणजे काय हे आजोबांना विचारा.) हा विहिरीचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी शेवटी येणार आहे.

सौर ऊर्जेवरच्या लेखांत बहुतेक वेळा एकाच टक्क्याची चर्चा असते: पॅनेलची कार्यक्षमता. तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट केला. त्याची कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० ते २३ टक्क्यांची आहेत. १९६१ साली शॉकली आणि क्वायझर यांनी गणित मांडून दाखवले की एकाच पदार्थाचा घट कितीही उत्तम केला तरी साधारण ३३ टक्क्यांच्या पलीकडे जाणार नाही. ही मर्यादा ओलांडण्यासाठी आता सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर देतात. वरच्या थराने निळा-हिरवा प्रकाश टिपायचा, खालच्याने तांबडा आणि अवरक्त. अशा जोडघटांनी प्रयोगशाळेत ३४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. पवईच्या आय.आय.टी.तही या घटांवर काम चालू आहे. ते व्हायलाच हवे, आणि तुमच्यापैकी कोणी पुढे त्यात पडले तर मला आनंद होईल.

पण माझे म्हणणे असे आहे की, बीडच्या शेतकऱ्याचे खरे नुकसान पॅनेलच्या या टक्क्यात नाही. ते पुढच्या गळतीत आहे. एक हिशेब करू. आकडे अंदाजी आहेत, पण वास्तवाला धरून आहेत.

उन्हातून १०० भाग ऊर्जा पॅनेलवर आली असे समजा. पॅनेलने तिच्यातून २० भाग वीज केली. तापल्यामुळे त्यातले तीन गेले, उरले १७. धुळीने आठ टक्के खाल्ले, उरले साडेपंधरा. नियंत्रक आणि तारा यांनी थोडे घेतले, उरले पावणेपंधरा. मग मोटार आणि पंप. बोअरमधल्या पंपसंचाची एकत्रित कार्यक्षमता ४५ टक्के धरली, तर पाणी उचलण्याच्या कामी आले साडेसहा भाग. ते पाणी शेताच्या कडेला आले. आता जर ते पाटाने मोकाट सोडले, तर मुळांपाशी पोचते सुमारे ४० टक्के. बाकीचे वाफ होते, पाटात मुरते, बांधाला जाते. म्हणजे शंभरातले उपयोगी पडले सुमारे २.६. तेच ठिबकने दिले तर ९० टक्के पोचते, म्हणजे जवळपास ६.

आता २० टक्क्यांचे पॅनेल काढून २२ टक्क्यांचे महागडे बसवले, तर २.६ चे होतील २.९. आणि जुनेच पॅनेल ठेवून पाटाऐवजी ठिबक केले तर २.६ चे होतील सहाच्या आसपास. (ठिबकच्या नळीत दाब ठेवायला थोडी वीज जास्त लागते, ती वजा करा, तरी फरक दुपटीच्या आसपास राहतो.) जाहिरातीत मात्र तुम्हांला पॅनेलचा टक्का ठळक दिसेल. पंपाची कार्यक्षमता बारीक अक्षरांत असेल आणि पाटाच्या गळतीविषयी कोणी बोलणारच नाही, कारण ती कोणी विकत नाही.

धुळीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपल्या जिल्ह्याची खास अडचण आहे. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते, मातीच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावू लागतात. कुठे पाचट पेटवतात, त्याची काजळी उडते. पाऊस तर जूनपर्यंत नाही. पॅनेलवर दोन-तीन आठवड्यांत अशी साय धरते की पाच-दहा टक्के वीज सहज जाते. उपाय उघड आहे, धुणे. पण एप्रिल-मेमध्ये ज्या गावाला टँकरने पाणी येते, तिथे पॅनेलवर बादल्या ओता असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय बोअरचे पाणी जड. ते काचेवर वाळले की पांढरे डाग ठेवून जाते, आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकण्याचीही भीती.

मला पटलेली रीत अशी: पहाटे, पॅनेल थंड असताना, मऊ सुती फडक्याने किंवा लांब दांड्याच्या मऊ कुंचल्याने हलके पुसावे. थंडीच्या दिवसांत काचेवर दव असते, तेच पाणी पुरते. पक्ष्याची विष्ठा मात्र ओल्या फडक्याने लगेच काढावी. ती धुळीपेक्षा कितीतरी घातक. कारण पॅनेलमधले घट एकामागे एक, माळेसारखे जोडलेले असतात. शेताच्या पाटात एका जागी ढेकूळ अडकले तर पुढच्या सगळ्या सऱ्यांचे पाणी कमी होते. तसेच एका घटावर सावली पडली तर त्या माळेतला सगळा प्रवाह अडतो. वर तो झाकलेला घट वीज देण्याऐवजी खाऊ लागतो आणि तापतो. हे टाळण्यासाठी पॅनेलच्या पाठीवरच्या डबीत डायोड बसवलेले असतात. ते अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात, पण त्या भागाची वीज गेलीच. साधारण तीनांपैकी एक हिस्सा.

मी एका शाळेच्या गच्चीवर पाहिले आहे, पॅनेलांच्या बरोबर दक्षिणेला पाण्याची काळी टाकी. पॅनेले बसवली तेव्हा जून होता. दुपारचा सूर्य डोक्यावर, तेव्हा टाकीची सावली टाकीपाशीच. डिसेंबरात सावली लांबली आणि पॅनेलांच्या खालच्या दोन रांगा रोज दुपारी झाकू लागल्या. बसवणाऱ्यांनी शाळेतल्या एखाद्या पाचवीच्या मुलाला विचारले असते तरी कळले असते. बीड जवळजवळ १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, माध्यान्हीचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. २१-२२ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवरच राहतो. तेव्हा दोन मीटर उंचीच्या टाकीची सावली उत्तरेला पावणेदोन मीटरांहून लांब पडते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशाइतके म्हणजे सुमारे १९ अंश तिरपे ठेवावे, हा नियम याच गणितातून आला.

पवईच्या आय.आय.टी.त २०१० साली सौरविद्युत संशोधनाचे एक राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. या केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या जोडीने देशभर फिरून उन्हात उभी असलेली पॅनेले तपासली. त्यांना आढळले की उष्ण प्रदेशातली पॅनेले थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर उतरतात. आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छपरांवरच्या लहान संचांची अवस्था वाईट असते. लहान संचाकडे बसवताना नीट पाहणारे कोणी नसते, नंतरही नसते. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना यांच्या छपरांवरचे संच याच वर्गात मोडतात.

आता कोणी म्हणेल, दहा-पंधरा टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? आपल्या जिल्ह्यात तरी हा प्रश्न विचारू नये. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र आपल्याकडेच आहे. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर जनित्र फिरवायचे आणि ती वाफ पुन्हा पाण्याने गार करायची. कोळशातल्या उष्णतेपैकी वीज होते सुमारे एकतृतीयांश. बाकीची बरीचशी शीतक मनोऱ्यांतून पाण्याच्या वाफेबरोबर आकाशात जाते. २०१५ साली केंद्र सरकारने अशा जुन्या केंद्रांना एका युनिटामागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. त्यावरून प्रमाणाची कल्पना यावी. परळीला पाणी येते ते गोदावरीच्या भरवशावर. २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत ते पाणीच संपले आणि केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. पुढच्याच वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात एक किलोवॅटच्या पॅनेलने दिवसाला चार युनिटे दिली, तर चौदा लिटरांपर्यंत पाणी कुठेतरी वाचते. धुळीने खाल्लेली वीज या हिशेबात पाणीच असते.

हे झाले विजेचे. उष्णतेच्या बाबतीत आपण याहून मोठी चूक करतो. ऊन हे मुळात उष्णतेच्या कामाला फार सोपे आहे. काळा रंग दिलेली तांब्याची पट्टी, वर काच, मागे कोंदण. एवढ्यावर सोलर बंब उन्हातली निम्मी ऊर्जा पाण्यात उतरवतो. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे चार युनिटे उष्णता लागते. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरवर रोज पाच युनिटांच्या आसपास ऊन पडते. तेव्हा दोन चौरस मीटरचा बंब हे काम करतो. तेच पाणी पॅनेलच्या विजेने साध्या गीझरमध्ये तापवायचे तर दुपटीहून अधिक जागा अडते. (उष्णता पंप नावाचे यंत्र एका युनिट विजेत तीन युनिटे उष्णता देते, ते स्वस्त झाले तर माझा हा मुद्दा लंगडा पडेल. आज तरी खेड्यात ते दिसत नाही.)

मग हे बंब का बंद पडतात? मी काही वर्षे एका वसतिगृहात राहत होतो. तिथला बंब पहिल्या हिवाळ्यात पाणी इतके कढत देई की विसण घ्यावे लागे. तिसऱ्या हिवाळ्यात ते कोमट झाले. सगळ्यांनी ठरवून टाकले, "सोलरचे हे असेच." बंब उघडला तेव्हा तांब्याच्या नळ्यांच्या आत चुन्यासारखा पांढरा थर निघाला. आपल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी तापले की ते नळीला चिकटतात. तांबे उष्णता वाहून नेते ती या थराच्या शेकडो पटींनी अधिक सहज. म्हणजे आपण तांब्याची किंमत मोजतो आणि तापवतो चुना. वर्षातून एकदा सायट्रिक आम्लासारखे सौम्य आम्ल फिरवून नळ्या धुतल्या, किंवा नळ्यांत तेच ते पाणी बंद ठेवून त्याची उष्णता टाकीतल्या पाण्याला दिली, तर हे टळते. बंबाची कार्यक्षमता दोन टक्क्यांनी वाढवणाऱ्या नव्या काळ्या लेपापेक्षा मराठवाड्याला या दुसऱ्या रचनेची गरज जास्त आहे.

मोठ्या प्रमाणावर उष्णता वापरण्याची उदाहरणे आपल्या आसपासच आहेत. आय.आय.टी.चे प्राध्यापक शिरीष केदारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली 'अरुण' नावाची भली मोठी आरशांची थाळी २००६ साली लातूरच्या महानंद डेअरीत बसली. आरशांचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मीटर, आणि काम दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उष्णता देण्याचे. दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवायचे असते. त्यासाठी हजार अंशांची ज्योत पेटवून तेल जाळणे ही उधळपट्टीच. २००९ साली शिर्डीच्या प्रसादालयासाठी ७३ शेफलर थाळ्या बसल्या, त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक व्हावा म्हणून. भाजीपाला वाळवण्यासाठी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि मित्रांनी सौर वाळवणयंत्र केले. त्यांच्या एस-फोर-एस या उपक्रमाला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. शेजारी भूम-वाशी भागात खव्याच्या भट्ट्या आहेत. दूध आटवायला लागते ती शंभर अंशांच्या आसपासची उष्णता, आणि भट्टीत जाते ते डोंगरावरचे सरपण. अशी कामे शोधायला हवीत.

उलट, सगळीकडे ऊनच वापरा असेही नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा गर तापवला की कडू होतो. त्याला उष्णता नको, गारवा हवा. आणि पेटीसारख्या सौरचुलीचे अनुदान देऊन देऊन जे झाले ते तुमच्या घरच्या माळ्यावर पाहा. तिच्यात वरण-भात छान शिजतो, शेंगा भाजतात. पण तव्याला भाकरीसाठी दोनशे अंशांच्या वर जावे लागते आणि पेटी कशीबशी सव्वाशे-दीडशेपर्यंत पोचते. भाकरी न भाजणारी चूल बीडच्या आईला द्यायची आणि ती वापरत नाही म्हणून तिला अडाणी म्हणायचे, हे मला कधीच पटले नाही. अडाणी तो, ज्याने भाकरी न विचारता चूल बनवली.

आता मला फार दिवस खुणावणारी एक कल्पना सांगतो. पॅनेल तापते म्हणून वीज कमी होते. मग मागून पाणी फिरवून ते गार का करू नये? अशी जोडपॅनेले आहेत. पुढून वीज, मागून कोमट पाणी. दोन्ही मिळून उन्हातली ६०-७० टक्के ऊर्जा कामी येऊ शकते. अडचण अशी की पाणी जितके कढत हवे, तितके पॅनेल तापू द्यावे लागते. म्हणजे एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा. शिवाय घरी एवढे कोमट पाणी उन्हाळ्यात कोणाला हवे?

पण सौरपंपाला ते हवे असण्याची गरजच नाही. तो तर गार पाणी जमिनीतून काढतोच आहे. ते शेताकडे जाण्यापूर्वी पॅनेलच्या पाठीवरून नेले तर? पाच किलोवॅटच्या संचाचे क्षेत्रफळ २४ चौरस मीटर धरा. भर दुपारी त्यावर २४ किलोवॅट ऊन पडते. त्यातले निम्मे, १२ किलोवॅट, उष्णता म्हणून पाण्याने उचलायचे. पंप सेकंदाला दोन लिटर पाणी देतो असे धरा. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. बारा भागिले ८.४, म्हणजे पाणी तापले जेमतेम दीड अंश. पिकाला त्याचा पत्ताही लागणार नाही, पाण्याचा थेंबही जास्त खर्च होणार नाही, आणि पॅनेल ३० अंशांनी उतरले तर दहा टक्के वीज वाढेल. खर्च आहे तो पाठीमागच्या पन्हाळीचा आणि नळ्यांचा. शिवाय जड पाण्याचे क्षार इथेही त्रास देणारच. तो खर्च परवडेल का हे मला कागदावर ठरवता येत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एका शेतात एक उन्हाळा घालवून ते ठरवावे.

सौरपंपाचे आणखी एक नुकसान आहे, आणि ते उन्हाच्या भर दिवसांतले. पिकाला वर्षातले सगळे दिवस पाणी लागत नाही. पावसाळ्यात, पीक निघाल्यावर, विहीर आटल्यावर पंप बंद. तेव्हा पॅनेल काय करते? काही नाही, नुसते तापते. वर्षातले कित्येक महिने शून्य टक्के कार्यक्षमता! यावर सार्वत्रिक नियंत्रक नावाचा उपाय आहे. त्याच विजेवर कडबा कुट्टी, पिठाची गिरणी, शीतपेटी चालते. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या कुसुम योजनेत त्याला जागाही आहे. माझ्या मते हा नियंत्रक जादा नसावा, पंपाबरोबरच यावा.

आणि आता विहीर. महाराष्ट्रात २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना, मग सौरपंपांच्या योजना, २०२४ ची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच. यात मोठे सुख आहे, ते मी नाकारत नाही. रात्री दोनला वीज आली म्हणून हातात बॅटरी घेऊन, विंचू-सापांच्या रानात दारे धरायला जाणारा बाप ज्याने पाहिला आहे, त्याला दिवसाच्या पाण्याची किंमत कोणी शिकवू नये.

पण विजेचे बिल नाही, डिझेलचा खर्च नाही, मग पंप थांबवायचा कशासाठी? १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडात कोळसा कमी नव्हे, जास्त जळू लागला. पाण्याचे तेच होऊ शकते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि फटींत, तेही वर्षाच्या सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पावसातून मुरेल तेवढेच. पॅनेल सुधारले, पंप सुधारला आणि पाणी पाटानेच उसाला गेले, तर सुधारणा एवढीच झाली की विहीर एप्रिलऐवजी फेब्रुवारीत आटली. त्या मुलाच्या विहिरीचे तसे झाले असेल का? शक्य आहे.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी २०१५-१६ मध्ये सौरपंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली. शेताला लागेल तेवढे पाणी उपसायचे आणि उरलेली वीज तारेवाटे वीज कंपनीला विकायची. वीज हेही एक पीक ठरले, आणि पाणी जमिनीत ठेवण्याला किंमत आली. साखर कारखान्यांपासून दूधसंघांपर्यंत सहकार ज्या महाराष्ट्राने रुजवला, त्याला हे अवघड नसावे. ज्या गावात तार पोचली आहे, तिथे तुटक सौरपंप देण्याऐवजी तारेला जोडलेला द्यावा, आणि अनुदानाच्या अर्जात अश्वशक्तीच्या रकान्याशेजारी "पाणी कशाने देणार?" असाही रकाना असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतकऱ्याला आधीच अटी कमी नाहीत, ही नवी कशाला, असे माझे एक मित्र म्हणतात. त्यांचे म्हणणे मी ऐकतो; पण आटलेली विहीर ही अट सर्वांत कडक.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा वही घेऊन आला. त्याने सुट्टीत दर आठवड्याला दोराला दगड बांधून विहिरीतले पाणी किती खोल आहे ते मोजले होते. पॅनेल पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर बादली भरायला किती सेकंद लागतात तेही लिहिले होते. दोराचे हात आणि सेकंद अगदी व्यवस्थित मांडलेले. फक्त बादली किती लिटरची, हे मोजायचे राहून गेले होते. ती बादली घेऊन तो सोमवारी येणार आहे.